पानगळीतील दिवेलागण

अमेरिकेतील मिशिगनमध्ये राहणाऱ्या सोलापूरच्या एका लेकीचे पत्र समोर आहे. घरात साडेचार वर्षांची मुलगी आणि अकरा महिन्यांचा मुलगा, नवरा-बायको दोघेही नोकरीला, आणि सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत एकही शनिवार-रविवार मोकळा नाही: सफरचंदांची बाग, भोपळ्यांचे शेत, मंडळाचे कोजागरीचे दूध, भुताखेतांच्या हॅलोविन सणाचा पोशाख, मंडळाची दिवाळी, तीन मित्रांच्या घरच्या तीन दिवाळ्या, आणि त्या आटोपतात न आटोपतात तोच थँक्सगिव्हिंग. मुलगी शनिवारी डोळे उघडताच ‘आज आपण काय सेलिब्रेट करणार?’ असे विचारते आणि ते ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. त्यातच सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या की तुम्ही सगळे करता, पण नीट एकही करत नाही. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, असा पत्राचा प्रश्न आहे.

सासूबाईंचे बोलणे लागले असेल, हे मी समजू शकते. त्यांच्या मनात बहुधा सोवळे, नैवेद्य आणि चकलीचे काटे असतील. मला मात्र त्या वाक्यात वेगळेच तथ्य दिसते. लहान मुलाला ‘नीट’ वाटणारी गोष्ट म्हणजे पुन्हा आलेली गोष्ट. मागच्या वर्षी होती, या वर्षीही आली, आणि मला तिच्यातले पुढचे ठाऊक आहे, यातच त्याचा सण असतो. दर शनिवारी नवे काहीतरी दाखवत गेले की मूल प्रेक्षक होऊन बसते, आणि मग पुढचा खेळ कोणता, एवढेच विचारत राहते.

आमच्या लहानपणी सोलापुरात रविवारी फिरायला जायचे म्हणजे सिद्धेश्वराचे तळे, नाहीतर भुईकोट किल्ल्याची बाग. तिसरा पर्याय क्वचितच असे. त्याच पायऱ्या, पाण्यात टाकायला तेच चुरमुरे, परततानाची तीच चालढकल. तरीही कंटाळा आल्याचे मला आठवत नाही, कारण तळ्याचे पाणी दर खेपेला वेगळ्या पायरीवर असे आणि ते कितव्या पायरीवर आहे हे मोजण्याचा मान लहानांचा होता. म्हणून पहिली सूचना अशी की मोठ्या सहली तीन महिन्यांत दोनच ठेवा, आणि बाकीच्या रविवारी घराजवळच्या एकाच बागेत, एकाच झाडापाशी जा. एखादा मेपल मुलीला निवडू द्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत तो हिरव्याचा लाल आणि लालाचा उघडा कसा होतो, हे सहा-सात फेऱ्यांत तिच्या डोळ्यांसमोर घडेल. जाताना अंथरायला घरातली सोलापुरी चादर न्या. ती पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवली असेल, तर बाहेर काढा. सुती चादर गवतावर पसरली, डब्यातून कडक भाकरी आणि दही काढले, की सहल झाली. बाळाला घेऊन दीड तास पुरतो.

त्या झाडाखाली बसून आणखी एक गंमत मुलीला सांगता येईल. आपल्या ऋतुचक्रात आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत, आणि पानगळीचा शिशिर त्याच्याही पुढे, माघ-फाल्गुनात. तुमच्याकडे पाने कार्तिकातच गळतात. आजीच्या अंगणातले झाड अजून हिरवे आहे आणि आपले मात्र उघडे झाले, ही तुलना साडेचार वर्षांच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर स्वतः करता येते, आणि आजीलाही ‘जेवलीस का’ या प्रश्नापलीकडे बोलायला विषय मिळतो.

हॅलोविन करावे की नाही, हा प्रश्न तुम्ही थोड्या अपराधी भावनेने विचारला आहे. सोलापूरच्या माणसाला तो पडू नये असे मला वाटते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एका गल्लीत ऐकत आपण वाढलो. नवरात्रात पूर्व भागातील विणकर पद्मशाली घरांतून बतुकम्मा या तेलुगू सणाची फुले रचली जात, तेव्हा ती पाहायला आपण गेलोच होतो, आणि त्यामुळे आपल्या घटाला काही कमीपणा आला नाही. मुलीला पोशाख घालून चार घरे फिरू द्या. मात्र पोशाख तिने स्वतः निवडलेला असावा आणि मिळालेला खाऊ त्याच रात्री मोठ्यांनी पाहून ठेवावा, कारण कडक गोळ्या आणि शेंगदाणे बाळाच्या हाती लागता कामा नयेत. अख्खे दाणे चार वर्षांखालील मुलाच्या घशात अडकण्याचा धोका असतो.

भोपळ्याबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण इथे दोन देश आपसूक एकत्र येतात. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघालेली म्हातारी आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. वाटेत वाघ-कोल्हे आहेत, भीती आहे आणि भीतीवर केलेली युक्तीही आहे. हॅलोविनला सांगायला याहून योग्य गोष्ट शोधूनही सापडणार नाही, आणि शेतातल्या त्या अवाढव्य भोपळ्याशेजारी मुलगी उभी असताना सांगितली तर ती शब्दशः दिसते. शेतातून येताना कोरायचा मोठा भोपळा एकच घ्या आणि सोबत ‘पाय’ या तिकडच्या गोड पदार्थासाठी वापरतात तो लहान, गोड भोपळा घ्या. मोठा भोपळा पाणचट असतो, शिवाय कोरून चार दिवस दारात ठेवलेला भोपळा खाऊ नये. लहान भोपळ्याचे घारगे करा: कीस गुळात शिजवावा, कोमट झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाचे पीठ मळावे, आणि थापण्याचे काम मुलीकडे द्यावे. वाकडे होतील. दर वर्षी 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी घारगे होतात, एवढे ठरले की तो तुमच्या घरचा सण झाला, मग त्याला पंचांगात आधार असो वा नसो.

दिवाळीची तारीख हलती असते, हे गणित त्या मानाने सोपे आहे. 2024 मध्ये नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरलाच आली होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे सगळे पुढे सरकले असून लक्ष्मीपूजन रविवारी, 8 नोव्हेंबरला आहे. त्याआधीच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तुमची घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले अंतर साडेनऊऐवजी साडेदहा तासांचे होते. सोलापुरात संध्याकाळी सात वाजता पूजा सुरू असेल, तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतील. ती पूजा मुलांना नाश्त्याच्या टेबलावरून पाहू द्या आणि आपली पूजा आपल्या संध्याकाळी करा. एकाच वेळी दोन्हीकडे आरती करण्याच्या हट्टापायी मी माझ्या नातवाला पहाटे उठवायला लावले होते. त्या वर्षीच्या सगळ्या छायाचित्रांत तो रडतो आहे.

मंडळाच्या कार्यक्रमाला अवश्य जा, मात्र तिथे गेल्याने दिवाळी झाली असे मानू नका. बाळ कुरकुरू लागले की उठा. घरात मुलीसाठी एकच मोठे काम ठेवा, आणि ते म्हणजे किल्ला. आपण सोलापूरकर या बाबतीत सुदैवी आहोत, कारण आपला किल्ला डोंगरावर नसून जमिनीवर आहे. मोठ्या ट्रेमध्ये माती पसरून दुहेरी तट, भोवती खंदक आणि एका बाजूला तळे म्हणून पाण्याची वाटी ठेवली की भुईकोट ओळखू येतो. नोव्हेंबरच्या थंडीत अंगणात बसता येणार नाही, म्हणून ट्रे खिडकीत ठेवा, मातीवर अळीव पेरा आणि रोज पाणी शिंपडण्याची जबाबदारी मुलीकडे सोपवा. आठवडाभरात तटाखाली हिरवळ दिसू लागते. फटाक्यांच्या बाबतीत घरमालकाचे आणि गावाचे नियम आधी पाहावेत. फुलबाजीचे टोक सुमारे 1000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तुमच्याकडची फुगीर जॅकेटे कृत्रिम धाग्याची असतात, म्हणून फुलबाजी मोठ्यांच्याच हाती असावी आणि शेजारी पाण्याची बादली असावी.

डब्याबद्दलही जपून. आईने पाठवलेली शेंगा चटणी घरात मनसोक्त खा, पण पाळणाघरात किंवा शाळेत पाठवू नका. अनेक ठिकाणी शेंगदाण्याला बंदी असते. तिळाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर प्रमुख अ‍ॅलर्जन म्हणून तिळाचाही उल्लेख करावा लागतो, आणि आपल्या चकलीत तर तीळ असतातच. वर्गात दिवाळीचा खाऊ न्यायचाच असेल, तर आधी शिक्षिकेला विचारावे. खाऊऐवजी प्रत्येक मुलाला रंगवायला मातीची एक पणती दिली, तर प्रश्नच मिटतो.

आता पत्रातील त्या ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: घड्याळ मागे गेले की साडेपाचलाच अंधार होतो, मुलांना आणून घरी पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि मन खचते. मला वाटते, खरा सण इथेच दडला आहे. सोलापुरात नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि त्या वेळेला आपल्या भाषेत नाव आहे, दिवेलागण. तुमच्याकडे ती सव्वापाच-साडेपाचला येते, एवढाच फरक. घरात शिरल्यावर मोठे दिवे लावण्याआधी रस्त्याकडच्या खिडकीत मुलीच्या हाताने एक दिवा लावा, दोन ओळी शुभंकरोति म्हणा, मग कोट काढा. तेलाच्या दिव्याजवळ तेवढा वेळ मोठ्यांनी थांबावे आणि नंतर तो शांत करावा. धुराच्या गजराची किंवा रांगत्या बाळाची धास्ती असेल, तर बॅटरीची पणतीही चालेल, देव त्यावरून रुसत नाही. यासाठी खरेदी, निमंत्रण किंवा गाडी यांपैकी काहीच लागत नाही. दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत हे चालले, तर शनिवारी विचारला जाणारा तो प्रश्न आपोआप विरळ होईल, असा माझा अंदाज आहे.

थँक्सगिव्हिंगला शेजाऱ्यांनी बोलावले आहे आणि जावे की संकोच करावा, असेही तुम्ही विचारले आहे. जावे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ही तारीख अमेरिकेने 1941 मध्ये कायद्याने पक्की केली असली, तरी मुळात तो सुगीचा सण आहे आणि आपल्या भागाला तसा सण परका नाही. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, आपल्या बोलीतल्या येळवसला, सोलापूर, धाराशिव आणि लातूरकडची माणसे शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारतात, मातीची पूजा करतात आणि ज्याचे शेत नाही त्यालाही हाताला धरून जेवायला नेतात. बाजरीचे उकडलेले उंडे, मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबट आंबील खाऊन दुपारी झाडाखाली आडवे होतात. सीमेपलीकडे कन्नडमध्ये तिला एळ्ळ अमावास्ये, म्हणजे तिळाची अमावस्या म्हणतात. शेजारणीला हे सांगा. तुम्ही शाकाहारी आहात हे आधी स्पष्ट कळवा, म्हणजे ऐन वेळी तिची पंचाईत होणार नाही, आणि सोबत सर्वांना पुरेल असा एकच पदार्थ न्या. भज्जी नेता येईल: पालक, मेथी, ओला वाटाणा, हरभरा आणि तुरीचे कोवळे दाणे चिंचेच्या कोळात व बेसनात शिजवलेले, तिखट बेताचे. आंबील मात्र पहिल्याच वर्षी नेऊ नका.

सासूबाईंना मोजकेच कळवावे. त्यांना सगळ्याची छायाचित्रे पाठवणे थांबवा आणि त्याऐवजी एक काम द्या: त्यांच्या माहेरी येळवसला काय काय करत, ते रोज पाच मिनिटे नातीला सांगावे. माझ्या अनुभवाने, काम मिळालेली आजी दोष कमी काढते.

शेवटी, डिसेंबरात सोलापूरला यावे का, याबद्दल. मुलीला शेतात बसवून हुरडा खाऊ घालायचा असेल, तर डिसेंबरअखेर ते जानेवारी हा काळ चांगला; तेव्हा दुपारी ऊन लागते आणि पहाटे अंगावर चादर लागते. फक्त बाळाला हुरडा देऊ नका, आणि सोबतची शेंगा चटणी मुलीलाही आधी चिमूटभरच द्या.