जुन्या फोर बाय फोरचा लिव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. ट्रान्सफर केस उतरवण्याआधी घरी काय तपासता येईल?

तुम्ही लिहिलंय की पिकअप जवळपास २० वर्षांची आहे, त्र्यंबकच्या बाजूला शेतात रुतली, लिव्हर नीट पडला, तरी मागचीच चाकं चिखल उडवत राहिली. आणि गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगून टाकलं की ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा) उतरवावा लागेल, ३५ हजार धरून चाला.

माझ्याबाबतीत हेच झालं होतं. फरक एवढाच, की मी हो म्हणालो. गाडी दिंडोरी तालुक्यात बागेवर असते, द्राक्षाचे कॅरेट आणि औषधाचे ड्रम वाहते. ट्रान्सफर केस उतरला, बेअरिंग-सील नवी पडली, १८ हजार गेले आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी त्याच बांधाजवळ तशीच रुतली. बिघाड निघाला डाव्या चाकाच्या हबमध्ये. दुरुस्तीला लागलं अर्धा लिटर डिझेल, एक पॅकिंग आणि रविवारची सकाळ.

आधी ताकद कशी जाते ते डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. इंजिन, गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर केस. तिथून मागे जाणारा शाफ्ट कायम जोडलेला असतो. पुढे जाणारा शाफ्ट लिव्हर टाकल्यावरच जोडला जातो. तो पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला जातो, तिथून डावा-उजवा एक्सल, आणि एक्सलच्या टोकाला चाकाशी जोडणी करणारे हाताने फिरवायचे लॉकिंग हब. आता यात एक गंमत आहे. साधं डिफरन्शियल जिकडे अडथळा कमी तिकडे फिरतं, पाटाचं पाणी फुटलेल्या बांधातून जातं तसं. त्यामुळे एका बाजूचा हब लागला नाही, तर तिकडचा एक्सल हबच्या आत नुसताच गरगरतो आणि दुसऱ्या बाजूचं चांगलं चाकसुद्धा गप्प बसतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, पुढे काहीच पोचत नाही, म्हणजे ट्रान्सफर केसच गेला.

म्हणून पहिली चाचणी ट्रान्सफर केसची करा. तिला जॅकसुद्धा लागत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पुढच्या दोन्ही हबवरची डायल 'फ्री'वर ठेवा, म्हणजे चाक एक्सलपासून सुटं. लिव्हर टू व्हीलमध्ये असताना गाडीखाली जाऊन पुढचा शाफ्ट हाताने फिरवा. जरा जड, पण फिरतो. आता कुणालातरी लिव्हर फोर व्हीलमध्ये टाकायला सांगा. दात एकमेकांत बसायला कधी कधी शाफ्ट थोडा मागे-पुढे हलवावा लागतो. बसले, की शाफ्ट मागच्या शाफ्टशी बांधला जातो, आणि मागची चाकं जमिनीवर असल्यामुळे थोडी ढिलाई सोडली तर हलत नाही. असा अडकला, तर ट्रान्सफर केस आपलं काम करतोय आणि तुमचे ३५ हजार तूर्त खिशात.

फिरलाच, तरी लगेच केस उतरवू नका. केबिनमधला माणूस लिव्हर टाकत असताना खालून बघा, केसमध्ये जाणारा रॉड पूर्ण सरकतो का. जुन्या गाडीत लिव्हरच्या पिना आणि बुश झिजतात, वर माती बसून गंज धरतो. वर लिव्हर पूर्ण पडल्यासारखा वाटतो, खाली रॉड अर्धाच सरकतो. नवी पिन, नवा बुश, साफसफाई, एवढ्यात काम होतं. रॉड पूर्ण जाऊनही शाफ्ट मोकळा राहिला, तरच आतला फोर्क (दात सरकवणारा काटा) किंवा दात झिजलेत असं समजायचं, आणि मग मात्र ते घरचं काम नाही. नाशकात असल्याचा एक फायदा आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लेथवाले भरपूर. बुश जुन्या मापावर तिथे करून मिळतो.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय हबवरच आहे. त्यासाठी पुढची दोन्ही चाकं उचला. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक लावणार असाल तर खाली जाड फळी घ्या, ब्लॉक खचतात. एक्सलखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालू नका, नुसत्या जॅकवर तर नाहीच. आणि अशा अवस्थेत फोर व्हील टाकून इंजिन चालू करायचा मोह आवरा. मागची चाकं जमिनीवर आहेत, गाडी स्टँडवरून उडी मारेल. जाता जाता एक सांगतो. विलिज या मूळ जीपच्या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. मागचं एकच चाक उचललंत, तर डिफरन्शियलमुळे तो हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो आणि गाडी सरळ घरंगळते. दगड लावायचे म्हणजे लावायचेच.

आता लिव्हर फोर व्हीलमध्ये, दोन्ही हब 'लॉक'वर. डावं चाक हाताने फिरवा. सगळं ठीक असेल तर उजवं चाक उलट दिशेने फिरतं आणि पुढचा शाफ्ट स्थिर राहतो. उजवं चाक हललं नाही, तर दोनांपैकी एक हब लागत नाही. पण कुठला? इथेच माझी फसगत झाली होती. उजवं हललं नाही म्हणून मी उजवा हब उघडून बसलो, तो आतून चकचकीत. कारण एक हब गेला, की कुठलंही चाक फिरवलं तरी पलीकडचं स्थिरच राहतं. वेगळं ओळखायचं ते हाताला. एकेक चाक आधी 'फ्री'वर फिरवा, मग 'लॉक'वर. चांगल्या हबला फरक स्पष्ट कळतो. 'लॉक'वर आत एक्सल आणि डिफरन्शियलचे गिअर ओढले जातात, चाक जड होतं, धक्का दिला तरी लवकर थांबतं. ज्या चाकाला दोन्हीकडे काहीच फरक पडत नाही, तोच तुमचा चोर.

दोन्ही हब चांगले वाटत असतील, तरी एक शक्यता उरते. एक्सल किंवा त्याच्या सांध्यातला क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) तुटलेला असू शकतो. हब उघडल्यावर एक्सलचं टोक दिसतं. दुसरं चाक कुणीतरी घट्ट धरलेलं असताना, लिव्हर फोरमध्येच ठेवून, ते टोक पकडीने फिरवा. किंचित ढिलाईपलीकडे फिरलं, तर आत तुटलंय.

हब उघडणं अवघड नाही. बाहेरच्या टोपीचे बोल्ट काढा, आत सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी रिंग) असतं, ते निघताना उडतं, म्हणून चिंधी धरून काढा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. आत सरकणारी दात्यांची कडी आणि स्प्रिंग असते. काळ्या मातीचं पाणी आत शिरलं, की जुनं ग्रीस आणि ती माती मिळून लापशीसारखा थर होतो. डायल फिरते, कडी सरकत नाही. रॉकेल आता सहसा मिळत नाही, डिझेलने धुवा, कोरडं करा, दात गोल झालेत का बघा. गोल झाले असतील तर हब जोडीने बदला. नसतील तर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, नवं पॅकिंग घाला, बोल्ट समोरासमोरचे आवळत जा.

पातळ हात, हे मी मुद्दाम म्हणतोय. पहिल्या वेळी मी बेअरिंगला भरतात तसं ग्रीस हबमध्ये ठासून भरलं. पावसाळा छान गेला. डिसेंबरात भल्या पहाटे निफाडकडे माल न्यायचा होता, थंडी अशी की ग्रीसचं लोणी झालेलं, आणि कडी पुन्हा जागची हलेना. त्या बिघाडाचा मालक मीच होतो, गॅरेजवाल्याला शिव्या घालायची सोय नव्हती.

चाक वर आहेच तर ते वरून-खालून धरून हलवा. खडखड वाटली, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. बेअरिंग किंवा सील घ्यायला जाताना गाडीचं मॉडेल सांगत बसू नका. त्यावर कोरलेला नंबर लिहून न्या. नाशिकच्या द्वारका चौकात असो की कुठेही, नंबर असला की दुकानदार वाद घालत नाही.

पुढच्या डिफरन्शियलचं तेलही बघा. आधी भरायचा बोल्ट सैल होतो याची खात्री करा, मगच खालचा काढा. उलट केलंत आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर रिकामं डिफरन्शियल घेऊन बसाल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा एक्सलच्या नळीवरची छोटी श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेली असते. तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं, की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असला तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. तारेने मोकळा करा, दोन मिनिटांचं काम.

सगळं जोडल्यावर चाचणी कच्च्या ओल्या जमिनीवर घ्या, गंगापूर रोडसारख्या डांबरी रस्त्यावर नाही. अशा गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर चालतात, आणि कोरड्या डांबरावर तो फरक घसरून निघत नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. मग लिव्हर निघत नाही, आणि लोक तो लाथेने काढायला जातात. सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. कच्च्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने गोल फिरवा. गाडी ब्रेक धरल्यासारखी अडखळली, तर पुढची चाकं जोडली गेली.

आणि टायर मोजा. चाकावर आणि जमिनीवर खडूची खूण करून एक पूर्ण फेरा गाडी ढकला, टेपने अंतर घ्या, पुढे आणि मागे. मी पुढे नवे टायर टाकले होते आणि मागे झिजलेले. फरक निघाला ४ सेंटिमीटर, म्हणजे १०० फेऱ्यांत ४ मीटरचा पीळ, तोही सरळ रस्त्यावर. माझा लिव्हर सारखा का अडकतो, ते मला त्या दिवशी कळलं.