घरात किरकोळ चोरी झाल्यावर त्यातून सावरायचे कसे?

तुम्ही लिहिले आहे की घरातून एक जुना मोबाइल, थोडी रोख रक्कम आणि चांदीचे एक नाणे गेले, नुकसान पाच हजारांच्या आतच आहे, तरीही रात्री झोप लागत नाही, तक्रार करावी की सोडून द्यावे हे ठरत नाही आणि घरातल्या मंडळींचा संशय कामवाल्या बाईंवर आहे. हे शेवटचे वाचले म्हणूनच मी उत्तर लिहायला बसले.

आम्ही नागपूरला मानेवाडा भागात राहतो. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमच्याकडे चोरी झाली. पारा 45 अंशांच्या आसपास गेला की कूलरशिवाय निभाव लागत नाही आणि खिडकीला कूलर लावायचा तर तेवढी ग्रिल कापावीच लागते, हे नागपूरकरांना सांगायला नको. समोरच्या खोलीतला कूलर त्या रात्री बंद होता आणि टाकीत पाणी नसल्यामुळे हलकाही होता. चोराने तो स्टँडसकट बाजूला सरकवला आणि खिडकीतून तो आत आला. आम्ही सगळे मागच्या खोलीत झोपलो होतो आणि तिथल्या कूलरच्या घरघरीत भांडी पडली असती तरी कोणाला ऐकू आले नसते. देवघरातले चांदीचे निरांजन, कुंकवाचा करंडा, दुधाच्या हिशेबासाठी ठेवलेले पैसे आणि सासूबाईंचे पितळी गुंड एवढे गेले. जाण्यापूर्वी त्याने फ्रीजमधली बाटली काढून पाणी प्यायले होते आणि झाकण नीट लावून ती टेबलावर ठेवली होती. निरांजनापेक्षा त्या बाटलीचा सासूबाईंनी जास्त धसका घेतला. कोणीतरी परका माणूस घरच्यासारखा वावरून गेला, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती.

सकाळी हे सर्वांत आधी पाहिले ते भांडी घासायला आलेल्या मावशींनी. दारातूनच त्यांनी हाक मारली, "बाई, कूलर कोनं सरकवला जी?" त्यांनी आधी पाहिले, एवढ्याच आधारावर दुपारी धरमपेठेतून आलेल्या माझ्या भासऱ्यांनी त्यांना बैठकीत बोलावून उभे केले आणि काल घरी गेल्यावर कोणाकोणाशी बोललीस, मुलगा काय करतो, त्याचे मित्र कोण, अशी चौकशी सुरू केली. मावशींच्या हातांना अजून राख लागलेली होती आणि त्या पदराने हात पुसत नुसत्या ऐकत होत्या. मी मध्ये पडले आणि म्हटले, "भाऊजी, संशय असेल तर पोलिसांना सांगा, त्यांच्यासमोर विचारा. आपल्या बैठकीत ही चौकशी होणार नाही." घरातल्या मोठ्या माणसाला सुनेने असे बोलावे, हे त्यांना आजतागायत पचलेले नाही.

त्यांचे म्हणणे दोन भागांचे होते. एक म्हणजे, एवढ्याशा चोरीसाठी पोलिसांत जाऊन शोभा कशाला करायची. आणि दुसरे म्हणजे, मावशींनी चोरी केली नसेल, पण कोणाला तरी सांगितले असेल. पहिल्या भागाला उत्तर देता येते, दुसऱ्याला जगात कोणीही देऊ शकत नाही, कारण "सांगितले असेल" हे खोटे ठरवण्याची सोयच त्यात नाही. कूलर रस्त्यावरून दिसतो, तो कुठे लावला आहे हे पेपरवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सर्वांना माहीत असते, मग सांगायला उरले काय? नात्यातल्या एका बाईंनी तर नखावर अंजन लावून चोर दाखवणाऱ्याचे नावही सुचवले. असले लोक त्याचेच नाव घेतात ज्याच्यावर घराचा आधीपासून संशय असतो, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही तक्रार केली. ठाण्यात पहिले वाक्य अपेक्षेप्रमाणे "एवढ्याशासाठी?" हेच ऐकायला मिळाले, परंतु गुन्हा नोंदवला गेला, शिपाई घरी आले, पंचनामा झाला. तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम 380 लागले होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि राहत्या घरातल्या चोरीसाठी आता कलम 305 आहे, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत अशी, धरली जाते, म्हणून तुम्हालाही तसे सांगून परत पाठवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. परंतु ती मर्यादा कलम 303 च्या साध्या चोरीसाठी आहे, घरातल्या चोरीसाठी नाही, एवढे नम्रपणे लक्षात आणून द्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. तरीही नोंद करून घेतलीच नाही, तर नागपूरसारख्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवता येतो.

आमची वस्तू एकही परत आली नाही. पुढे प्रकरण 'अ' समरीत गेले, म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. भासरे यालाच आपला विजय समजतात आणि प्रत्येक महालक्ष्मीच्या जेवणाला, पानावर बसल्या बसल्या, पोलिसांत जाऊन काय मिळाले, असे विचारतात. मिळाले ते हे की चोरीचा तपास ज्यांचे काम आहे त्यांच्याकडे गेला आणि आमच्या स्वयंपाकघरात तो चालला नाही. मावशी पुढेही वर्षानुवर्षे आमच्याकडे येत राहिल्या आणि गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी स्वतःहून काम सोडले. त्या दुपारी मी गप्प बसले असते, तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या आणि न आल्यामुळे त्याच चोर ठरल्या असत्या. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून कित्येक बायका अशाच "चोर" ठरून गेल्या आहेत, आणि वस्तू नंतर गादीखाली सापडली तरी कोणी त्यांच्या घरी सांगायला गेलेले नाही.

झोपेचे विचाराल तर, पहिले काही दिवस माझे पती आवाज ऐकू यावेत म्हणून कूलर बंद ठेवून झोपायचे आणि रात्री उठून उठून कड्या तपासायचे. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवल्यावर चोराशिवायही झोप येत नाही. शेवटी वेल्डिंगवाल्याला बोलावून कूलरच्या मागून खिडकीला वेगळी जाळी बसवून घेतली आणि त्याच रात्री ते घोरायला लागले. त्यामुळे "मन घट्ट करा" वगैरे सल्ल्यांवर माझा विश्वास नाही. चोर जिथून आला ती जागा आधी बंद करा. सासूबाईंनी मात्र चांदीचे निरांजन पुन्हा घेऊ दिले नाही, पितळीवरच भागवले.

अर्थात, तुमच्याकडे कॅमेऱ्यात काही स्पष्ट दिसले असेल, तर माझे मावशींविषयीचे म्हणणे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाही. परंतु तेव्हाही ते चित्रीकरण पोलिसांना द्या, दमदाटी करू नका. झोपेचा त्रास फारच लांबला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते, त्यात कमीपणा मानू नका. आणि मोबाइल जुना असला तरी सिम आजच बंद करून घ्या. तक्रारीची प्रत जोडून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून त्याचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांकही बंद करता येतो, आणि तक्रार केलीच नाही तर ती प्रत तुमच्याकडे असणार नाही.