निरोप न घेता निघू नका

प्रश्न : माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा कामावर रुजू होतेय, म्हणून त्याला पाळणाघरात ठेवायचंय. तिथल्या ताई म्हणतात, ‘दारातच सोडा आणि मागे वळून न बघता जा. चार दिवस रडेल, मग होईल सवय.’ माझं मन काही धजत नाही. इतर देशांत हे कसं करतात? माझ्याकडे १० दिवसांची सुटी आहे.
– एक आई

उत्तर : मन धजत नाही ते बरोबरच आहे. मी २२ वर्षं पाळणाघर चालवलं आणि सुरुवातीला मीही असंच सांगायचे. दीड वर्षाचा एक मुलगा ठोकळ्यांत रमलेला बघून मी त्याच्या बाबांना खुणेनंच ‘निघा’ म्हटलं. त्यानं मान वर केली तर बाबा गायब. पुढे कितीतरी दिवस त्यानं ठोकळ्यांना हात लावला नाही. दाराकडे तोंड करून बसायचा. खेळात रमलं की आपलं माणूस निघून जातं, एवढंच त्याला माझ्याकडून कळलं होतं.

जर्मनीत बऱ्याच पाळणाघरांत ‘बर्लिन पद्धत’ वापरतात. १९८०च्या दशकात ती आकाराला आली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत साधारण तासभर खोलीत बसतात आणि त्याला घेऊनच घरी जातात. स्वतःहून खेळवायचं नाही, पण ते जवळ आलं तर घ्यायचं. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास, आणि हाकेच्या अंतरावर थांबायचं. ताईंनी घेऊनही मूल शांत होत नसेल तर दोन-तीन मिनिटांतच परत आत, आणि पुढचे काही दिवस सोडून जायचा प्रयत्नच नाही. हा चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत. दोन दिवस घरी राहिलेलं मूल आईला जास्तच चिकटलेलं असतं. मला हे फार पटलं.

स्वीडनमध्ये अनेक ठिकाणी पालक तीन दिवस जवळजवळ पूर्ण वेळ तिथेच असतात, मुलाला भरवतात, लंगोट बदलतात. चौथ्या दिवसापासून मूल एकटं राहतं. जपानमध्ये आधी तास-दोन तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत, असा वेळ वाढवत नेतात. घर आणि पाळणाघर यांच्यामध्ये रोज एक वही फिरते. झोप किती झाली, ताप आहे का, काय खाल्लं, सगळं दोन्हीकडून लिहितात. ही वही तुम्ही उद्यापासूनच सुरू करा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या बाळासाठी मी बर्लिनची चाल धरेन. मंगळवारी सुरुवात करा, म्हणजे चौथा दिवस शुक्रवारी येईल. त्याला मुख्यतः कोण सांभाळणार हे आधी विचारा. रोज वेगळ्या हातात जाणार असेल तर पद्धत कुठलीही असो, फारसा उपयोग नाही. निघताना त्याच्या डोळ्यांत बघून ‘आई जाऊन येते’ म्हणा आणि निघा, दारात रेंगाळू नका. तो रडेल, रडू द्या. बघायचं इतकंच, की ताईंनी उचलल्यावर त्यांच्या खांद्यावर मान टाकतो का. टाकली, तर सुटी संपल्यावर निर्धास्त कामावर जा. नाही टाकली, तर पहिला आठवडाभर अर्धा दिवस काम मिळतंय का, हे वरिष्ठांना आत्ताच विचारून ठेवा.