माहेरी जा, पण राजीनामा देऊन नको

प्रश्न : वय ३९. पुण्यात खासगी कंपनीत नोकरी, पगार ६२ हजार, कंपनीचा ५ लाखांचा आरोग्यविमा, तो एप्रिलला नव्याने सुरू होतो. स्तनाचा कर्करोग निघालाय, दुसरी स्टेज. आधी आठ केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. यजमान चाकणला, पगार ३४ हजार. सासूबाई आणि पाचवीतली मुलगी आमच्याबरोबर. फ्लॅटचा हप्ता २१,५००. एफडी ४ लाख, पीएफ साडेसहा लाख, म्युच्युअल फंडात पावणेतीन लाख. माहेर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, भाऊ संभाजीनगरला. राजीनामा देऊन आईजवळ जावं आणि तिकडेच उपचार घ्यावेत असं चाललंय. वडील दोन एकर विकायला निघालेत. फ्लॅटही काढावा का?

ताई, आईजवळ जायचं ठरवलंत ते बरोबरच. केमोच्या दिवसांत उशाशी माणूस लागतं, आणि पुण्यात यजमान ड्युटीवर गेले की सासूबाईंवर मुलीचं आणि तुमचं, दोन्ही येईल. या जाण्याला फार पैसे लागत नाहीत. महाग पडेल तो राजीनामा.

कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मिळून काढलेला विमा, म्हणजे ग्रुप पॉलिसी, बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. निदान झाल्यावर बाहेर नवी पॉलिसी मागितली, तर विमा कंपनी एकतर नाही म्हणते, नाहीतर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावते. तुमच्या ऑफिसची पॉलिसी एप्रिलला नव्याने सुरू होते, असं तुम्ही लिहिलंय. आता तीन-तीन आठवड्यांनी आठ केमो, म्हणजे साडेपाच महिने. आत्ता नोव्हेंबरात सुरुवात केली तर ऑपरेशन आणि रेडिएशन एप्रिलनंतर येतं. म्हणजे केमो या वर्षीच्या ५ लाखांतून, बाकीचं पुढच्या वर्षीच्या ५ लाखांतून. पेपर टाकले तर हे दोन्ही हातचे जातात.

म्हणून आधी साठलेली रजा वापरा, मग विनावेतन रजा मागा. एचआरला फोन करू नका, मेल करा आणि दोनच गोष्टी लेखी घ्या : बिनपगारी रजेत विमा चालू राहतो का, आणि एप्रिलच्या नूतनीकरणाच्या यादीत रजेवरच्या माणसाचं नाव जातं का. विम्याच्या हप्त्यातला तुमचा वाटा पगारातून कापत असतील, तर पगार बंद असताना तो कसा भरायचा हेही विचारा. तब्येत साथ देईल त्या आठवड्यात घरून काम करायची मुभा मिळाली तर उत्तमच, पण तिच्यावर हिशोब बांधू नका. यजमानांच्या कंपनीचा विमा असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला तुमचं नाव त्यात येतं का तेही बघून ठेवा. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो.

आता गाव की शहर? माझ्या मते आईने संभाजीनगरला यावं, तुम्ही गावी जाऊ नये. केमो तीन आठवड्यांतून एकदा असते, ती गावाहून जमेलही. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, त्या काळात ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. आणि रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे सलग. जालन्याहूनच संभाजीनगर साठेक किलोमीटर आहे, तुमचं गाव त्याच्याही पलीकडे. भावाकडे राहा आणि महिन्याला ६ हजार द्या. भाऊ घेणार नाही, तेव्हा वहिनीच्या हातात द्या, किराणा म्हणून. पहिल्याच महिन्यात द्या, म्हणजे पुढे कुणालाच अवघड वाटत नाही.

महिन्याचा जमाखर्च मांडूया. फ्लॅटचा हप्ता २१,५००. पुण्याचं घर, मुलीच्या शाळेसकट, १४ हजार. भावाकडचे ६ हजार, येणंजाणं आणि वरखर्च ४ हजार, टर्म इन्शुरन्सचे दीड हजार. एकूण ४७ हजार. यजमानांचे ३४ हजार वजा केले की तूट १३ हजारांची. दहा महिन्यांचे १ लाख ३० हजार. तुमच्या एफडीतून हे निघून २ लाख ७० हजार उरतात, विम्यात न बसणाऱ्या औषध-तपासण्यांसाठी. त्यामागे पीएफ आहेच. आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते, नोकरी सोडावी लागत नाही.

मग फ्लॅट कशाला विकायचा? भाड्यानेही देऊ नका, त्यात तुमचीच माणसं राहताहेत. आणि वडिलांना म्हणावं, सातबारा कपाटात ठेवा. गरजवंताला अक्कल नसते हे गिऱ्हाईकाला पक्कं ठाऊक असतं. पोरीच्या दवाखान्यासाठी रान निघालंय म्हटल्यावर भाव आपोआप पडतो. त्यांना मदत करायचीच असेल, तर वर्षाची ज्वारी आणि तूरडाळ भावाकडे पोचवू देत. वहिनीलाही बरं वाटेल.

हा हिशोब एका रिपोर्टवर फिरू शकतो. बायोप्सीत 'हर-टू' (कर्करोगाच्या पेशींवरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह असेल, तर ट्रास्टुझुमॅब हे औषध साधारण वर्षभर, तीन-तीन आठवड्यांनी द्यावं लागतं आणि ते महाग आहे. डॉक्टरांना हे आजच विचारा. लागणार असेल, तर मला पुन्हा लिहा. निघताना बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्कॅनच्या सीडी बरोबर घ्या, नाहीतर तिकडे सगळं पहिल्यापासून करतील. पैशात खर्च आणि दिवसांत उशीर.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथे रेडिएशन होतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, जाण्याआधी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या. एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं आडनाव असलं की मंजुरी तिथेच अडकते. विमा आणि योजना एकाच बिलावर चालवायला जाऊ नका. कोणता टप्पा कशातून, हे आधीच ठरवा. खासगी दवाखाना निवडलात, तर तुमच्या विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत तो आहे का पाहा.

म्युच्युअल फंडाची एसआयपी आजच थांबवा, पण जमलेले पावणेतीन लाख काढू नका. टर्म इन्शुरन्सचा एकही हप्ता चुकवू नका, कारण आता नवी पॉलिसी मिळणं अवघड. गृहकर्जाची फाइल काढून चाळा. कर्ज देताना बँका बरेचदा गंभीर आजाराचं कवच असलेला विमा गळ्यात मारतात आणि लोक विसरून जातात. असेल, तर दाव्याच्या अटी आणि मुदत यजमानांना या आठवड्यातच वाचू द्या. तुम्ही तेवढ्यात एचआरचा मेल पाठवा.