मागच्या बाकावरचं आमेन

प्रिय पोरी, सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. चर्चमध्ये उपासना चालवताना तू मध्येच थांबून दोन शब्दांचा अर्थ सांगितलास, नंतर मंडळीतल्या एका वडिलांनी ऐकवलं की ही उपासना आहे, शिकवणी नाही, आणि आता तुलाच वाटायला लागलंय की आपण काहीतरी पवित्र बिघडवलं. वैताग येतो गं मला असलं ऐकलं की.

बायबलमधलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र काढ, चौदावा अध्याय. समजणारे पाच शब्द आणि न समजणारे दहा हजार, ते वचन सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या जरा आधीचं सोळावं कुणी वाचत नाही. तिथे पौल विचारतो की ज्याला तू काय बोललास तेच कळलं नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन, म्हणजे 'तसंच असो', कसं म्हणणार? झालं. गाणी कशी झाली ते मला सांगू नकोस, आमेन कुणाला म्हणता आलं नाही ते सांग.

मी हे फार उशिरा शिकलो. एकदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, दिवशी मागच्या बाकावर एक नवीन माणूस होता आणि मी म्हणालो, "नेहमीप्रमाणे पुढे या." त्याचं कसलं नेहमीप्रमाणे! सगळे उठले म्हणून तो अर्धवट उठला, शेजारच्याकडे बघितलं, बसला, परत उठला आणि सरळ बाहेर गेला. मी बघितलं आणि पुढच्याच्या हातावर भाकर ठेवली. नंतर पुस्तकं गोळा करताना त्याचं गीतपुस्तक बाकावर उघडंच सापडलं, भलत्याच पानावर. आता रांग लागलेली, हातात ताटली, मी काय त्याच्या मागे पळणार होतो? असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, अजूनही सांगतो कधीकधी. पण एक वाक्य पुरलं असतं ना, की कोणी यायचं, कसं यायचं, आणि नाही आलात तरी बसून राहा, कोणी काही म्हणणार नाही.

शब्द काढून टाक असं मी म्हणत नाहीये हं. हाल्लेलूया राहू दे, होसान्ना राहू दे. शुभवर्तमान लिहिणारा मार्क बघ, येशूचं अरामी भाषेतलं तलीथा कूम जसंच्या तसं ठेवतो आणि त्याच दमात अर्थ सांगून टाकतो, मुली ऊठ. दुसरा शुभवर्तमानकार योहान तर रब्बी म्हणजे गुरुजी हेसुद्धा सांगतो. त्यांच्या शुभवर्तमानाची शिकवणी झाली का? विचार त्या वडिलांना. (नको, विचारू नकोस, उगीच वाद.)

आणि भाषा बदलली की काम संपलं असंही नाही. धर्मसुधारक मार्टिन लूथरची जर्मन उपासना १५२६ ची, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकांच्या भाषांना वाट मोकळी केली ती १९६३ मध्ये, आणि आपण आपल्याच भाषेत "नीतिमान ठरलो" म्हणतो तेव्हा पहिल्यांदा आलेल्याला काय कळतं? काही नाही. मग आमेन कुठून येणार?

अजून एक, माईक. "माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको" म्हणणारा मी स्वतः होतो आणि त्याचा अभिमानही होता. मंडळीतल्या एका बाईंनी शेवटी सांगितलं की त्यांच्या कानातलं मशीन माईकलाच जोडलेलं आहे, म्हणजे माझ्या त्या मोठ्या आवाजातलं त्यांना धड काही ऐकूच यायचं नाही. किती रविवार गेले असतील कोण जाणे. तू माईक घे. "सगळे उभे राहा" ऐवजी "जमेल त्यांनी उभं राहा" म्हण. पडद्यावर आहे ते वाचूनही दाखव, न दिसणारा माणूसही आमेन म्हणायलाच आलेला असतो.

त्या वडिलांना कसं पटवायचं ते मात्र मला विचारू नकोस, मला कधी जमलं नाही. रविवारचा क्रम मला आधी पाठव, आणि स्लाईडवरची अक्षरं मोठी कर, मागच्या वेळच्या फोटोत मलाच वाचता येत नव्हती.