'ध्रुवीय रडार' की 'ध्रुवणमितीय रडार'?

ऐरोलीतील एक शिक्षिका विज्ञान प्रदर्शनासाठी ठाणे खाडीतील कांदळवनांवर फलक तयार करत आहेत. विमानातून रेडिओ तरंग सोडून कांदळवने टिपणाऱ्या 'एअरबोर्न पोलारिमेट्रिक रडार'ला मराठीत 'हवाई ध्रुवीय रडार' म्हणावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये, कारण यातील दोन्ही विशेषणे वाचकाला भलतीकडे नेतात.

'ध्रुवीय' म्हणजे पृथ्वीच्या ध्रुवांशी संबंधित. त्यातच भूनिरीक्षण करणारे बरेच उपग्रह खरोखरच ध्रुवीय कक्षेत फिरत असल्याने घोटाळा अधिकच वाढतो. येथे संबंध आहे तो तरंगाच्या ध्रुवणाशी, म्हणजेच त्यातील विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेत आंदोलते याच्याशी. हे रडार आडवे आणि उभे असे दोन्ही ध्रुवणांचे तरंग आळीपाळीने सोडते आणि परतलेल्या प्रत्येक तरंगाचे आडवे व उभे घटक वेगवेगळे नोंदवते, त्यामुळे पूर्ण मांडणीत सोडलेले आणि परतलेले ध्रुवण यांच्या चार जोड्या हाती येतात. कांदळवनात भरतीचे पाणी शिरले की लांब तरंगलांबीचा तरंग पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून माघारी असा दोनदा परावर्तित होतो, तेव्हा आडवा सोडलेला तरंग आडवाच आणि जोरकस परततो. फांद्यांच्या गर्दीत विखुरलेल्या तरंगाचे ध्रुवण मात्र बदलते आणि आडवा सोडून उभा परतलेला भाग वाढतो.

याच कारणाने 'ध्रुवीकृत रडार'ही मला पटत नाही. 'ध्रुवीकरण' राजकारणाने अडवले आहे हे तर आहेच, पण एकाच ध्रुवणावर चालणाऱ्या साध्या रडारचा तरंगही ध्रुवितच असतो. या रडारचे वेगळेपण ध्रुवणाच्या मोजमापात आहे. मग 'ध्रुवणमापी' का नको? 'तापमापी'प्रमाणे 'मापी' हा उपकरणाचा प्रत्यय आहे आणि ध्रुवणमापी हे वेगळे उपकरण आधीच अस्तित्वात आहे: साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रसातील साखरेचे प्रमाण त्यानेच काढतात. पद्धतीसाठी 'भूमिती', 'त्रिकोणमिती' यांच्या वळणाचा 'ध्रुवणमिती' हा शब्द घ्यावा आणि त्यावरून 'ध्रुवणमितीय' करावे.

'हवाई रडार' म्हटले की शत्रूच्या विमानांवर नजर ठेवणारी यंत्रणा आठवते. 'विमानवाहित' अर्थाने चालेल, परंतु घाईत वाचणारा त्याला 'विमानवाहू' समजेल आणि युद्धनौकेकडे वळेल. म्हणून 'विमानस्थित' बरा. नासाचे 'एअरसार' हे असेच रडार १९८८ पासून डीसी-८ विमानावर बसवून उडवले जात होते. इस्रोच्या एल आणि एस या तरंगलांबीच्या पट्ट्यांतील रडारची उड्डाणे २०१९ मध्ये नासाच्या विमानावरून अमेरिकेत झाली आणि त्याच दोन पट्ट्यांवर चालणारा 'निसार' उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटला. यांतील पहिल्या दोघांना विमानस्थित आणि निसारला उपग्रहस्थित म्हटले की जोडीही नीट जुळते.

विमानातून किंवा उपग्रहातून असे दुरूनच निरीक्षण करण्याला, म्हणजे 'रिमोट सेन्सिंग'ला, 'दूरसंवेदन' आणि 'सुदूर संवेदन' हे दोन्ही शब्द रूढ आहेत. फलकावर कोणताही एकच ठेवावा. शीर्षकात 'विमानस्थित ध्रुवणमितीय रडार' लिहावे आणि खाली पहिल्याच वाक्यात 'पोलारिमेट्रिक' हा शब्द एकदा येऊ द्यावा, म्हणजे मुलांना पुढे आंतरजालावर शोध घेता येईल.