विचारा बिनधास्त : जेजूला जायचंय, पण सासूबाई खाणार काय?

प्रश्न : ताई, लेकीच्या कोरियन सिरियल बघून बघून आता घरातल्या सगळ्यांनाच जेजू बेटावर जायचंय. मार्च-एप्रिलचा विचार आहे. सासूबाई शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही, आम्ही बाकीचे मासे खातो. सोलला जाऊन तिथून दोन दिवस काढले तर पुरेल ना? आणि सण-उत्सव काही बघायला मिळेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी सासूबाईंचं बघू, कारण गडबड तिथेच होते. कोरियात भाजीचं म्हणून जे समोर येतं त्याच्याही रश्शात बऱ्याचदा सुक्या माशांचं पाणी असतं, किमचीत खारवलेली कोळंबी नाहीतर फिश सॉस, त्यामुळे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, मासे नको, अंडं नको, रस्सा कशाचा आहे हे सगळं कोरियन लिपीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा आणि सरळ दाखवा. कांदा-लसूण नको हे मात्र तिकडच्या बौद्ध देवळांना अजिबात नवीन नाही, त्यांच्या स्वयंपाकात दोन्ही चालत नाहीत. काही देवळांत राहायची सोय असते, एक रात्र तिथे काढलीत तर सासूबाई तुमच्यापेक्षा मजेत जेवतील.

बेटाचं स्वतःचं खाणं वेगळंय आणि त्याचं कारण जमिनीत आहे. सगळं बेट ज्वालामुखीचं, दगड सच्छिद्र, पाऊस भरपूर पडतो पण पाणी खाली झिरपून जातं, म्हणून भाताची खाचरं फारशी झालीच नाहीत. मग राळा, जव, कुट्टू हेच पोटभरीचं. बिंगत्तोक म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, आत वाफवलेल्या मुळ्याचं सारण (पूर्वी हे डुकराच्या चरबीवर भाजायचे आणि सारणात पातीचा कांदा असू शकतो, विचारूनच घ्या). ओमेगीत्तोक हा चिकट राळ्याचा गोळा, वरून लाल बीन्सचं पुरण, हा बिनधास्त घ्या. आणि संत्री! हल्लाबोंग नावाचं डोक्यावर टेंगूळ आलेलं संत्रं मिळतं, गोड आणि महाग.

तुम्ही मासे खाणारे, तर गाल्ची सोडू नका. ती आपली वाकटीच, पण ताजी, रुंद, मुळ्याबरोबर तिखट रश्शात शिजवलेली. अबॅलोन नावाच्या शिंपल्याची भाताची पेजही खा. हे शिंपले काढणाऱ्या बायका म्हणजे हेन्यो, ऑक्सिजनची टाकी न लावता नुसता श्वास धरून दहा-दहा मीटर खाली जातात आणि वर आल्यावर शिट्टीसारखा आवाज करत श्वास सोडतात. आता यातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मान दिला. पूर्वेला हादो गावात त्यांचं म्युझियम आहे ते बघा, १९३२ मध्ये याच बायकांनी जपानी राजवटीविरुद्ध मोर्चे काढले होते.

दोन दिवस? नाही हो. बेट पूर्व-पश्चिम सत्तर किलोमीटरच्या वर आहे, दोन दिवसांत फक्त गाडीतून समुद्र दिसेल. पाच दिवस द्या, दोन पूर्वेला (सॉन्गसान इल्चुलबोंग या ज्वालामुखीच्या डोंगरावरचा सूर्योदय, बोटीने उदो बेट), दोन दक्षिणेला सोग्विपोकडे, तिथे जोंगबांग धबधबा जवळजवळ समुद्रातच पडतो, आणि एक दिवस मोकळा, कारण वारा सुटला की बोटी बंद.

मार्च-एप्रिल म्हणजे पिवळीधमक मोहरीवर्गातली फुलं सगळीकडे. चांद्र कॅलेंडरच्या दुसऱ्या महिन्यात वाऱ्याची देवी यॉन्गदुंग बेटावर येते असं मानतात, तिची पूजा जेजू शहरात होते, समुद्र शांत राहू दे आणि मासे मिळू दे म्हणून. मार्चमधला डोंगरावरचं गवत पेटवायचा उत्सव खूप गाजलेला, पण वणवा आणि हवामानावरून वाद झालेत, खरी आग दिसेलच असं धरून तिकीट काढू नका.

एक राहिलंच, सोलजवळच्या इंचॉन विमानतळावर उतरलात तर जेजूच्या विमानासाठी बहुतेक वेळा गिंपो विमानतळावर जावं लागतं, मध्ये भरपूर वेळ ठेवा. सोलमार्गे जाताय म्हणजे कोरियाचा व्हिसाही हवाच.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. मुलगा जेजूला नेतोय. फोटो काढण्यापलीकडे इतिहास काही आहे का?
– गंगापूर रोड

उत्तर : सर, भरपूर आहे. आधी ताम्ना नावाचं वेगळं राज्य, मग ११०५ मध्ये मुख्य भूमीवरच्या कोर्यो राज्याच्या ताब्यात, १२७३ नंतर मंगोलांनी तिथे घोडे वाढवले. पुढे कोर्योनंतर आलेल्या जोसोन राजवटीच्या काळात राजदरबाराला नको झालेल्यांना हद्दपार करून इथेच पाठवायचे. १६५३ मध्ये हेंड्रिक हामेल नावाचा डच माणूस जहाज फुटून इथे लागला आणि तेरा वर्षं कोरियात अडकला.

पण तुम्ही ४·३ (म्हणजे ३ एप्रिल) शांती उद्यानाला जाच. १ मार्च १९४७ ला पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, ३ एप्रिल १९४८ ला फक्त दक्षिण कोरियापुरत्या निवडणुकीला विरोध करत उठाव झाला आणि तो चिरडताना १९५४ पर्यंत पंचवीस-तीस हजार माणसं मेली असा अंदाज आहे, म्हणजे बेटावरचा दहातला एक. गावंच्या गावं जाळली. नंतर कित्येक दशकं यावर बोलायचीसुद्धा सोय नव्हती, राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती २००३ मध्ये. ज्या विमानतळावर तुम्ही उतराल तिथेच २००७ ते २००९ मध्ये खोदकाम करून मारलेल्यांचे सांगाडे काढलेत. मुलगा म्हणेल, बाबा, सुट्टीत हे कशाला. तरी अर्धा दिवस मागून घ्या.

प्रश्न : कळसूबाई दरवर्षी करतो. जेजूचा हल्लासान डोंगर जमेल का?
– पंचवटी

उत्तर : जमेल रे. कळसूबाई १,६४६ मीटर, हा १,९४७, पण चढ रेंगाळणारा आहे. शिखरापर्यंत दोनच वाटा जातात, सोंगपानाक आणि ग्वानुमसा, दोन्हींना आधी ऑनलाइन बुकिंग लागतं आणि ठरलेल्या वेळेत मधल्या चौकीवर पोचला नाहीस तर परत पाठवतात, तेव्हा पहाटेच निघ. वर भजीवाला नाही, डबा घरून.